रेघ कुठवर काढायची: अतिलघुकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी

सुरुवातीलाच एक गोष्ट वाचा. घाई नको, तशीही ती चटकन संपणार आहे.

‘सगळं घर रंगवायचं होतं. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट तेवढी सोडा, असं तिने रंगाऱ्याला सांगितलं. चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. सगळ्यात वरची रेघ त्याच्या कमरेशी होती.’

झाली. २४ शब्द. यात ‘मूल’ हा शब्द नाही. ‘उंची’ नाही, ‘आई’ नाही, ‘आठवण’ तर नाहीच नाही. तरीही तुम्हाला एक मूल दिसलं. त्याला चौकटीला टेकून ताठ उभं राहायला सांगणारं कुणीतरी दिसलं. शेवटच्या वाक्यापाशी मनात काहीतरी अडखळलंही असेल. ते मूल मी लिहिलेलं नाही, ते तुमचं आहे.

हीच गोष्ट या लेखात उघडून बघायची आहे. तिचे स्क्रू सैल करायचे, एखादा काढायचा, दुसरा लावायचा. म्हणजे तुमची गोष्ट लिहायला बसाल तेव्हा हात कुठे घालायचा ते कळेल.

नावांचा घोळ आधी मिटवतो. मराठीत ‘लघुकथा’ म्हटलं की चांगली दहा-पंधरा पानांची कथा डोळ्यांसमोर येते, हिंदीत मात्र ‘लघुकथा’ म्हणजे पान-अर्ध्या पानाची. आपल्याकडे त्या आकाराला ‘अलक’ म्हणतात, म्हणजे अति लघु कथा. मोजून शंभर शब्दांची असेल तर शतशब्दकथा, लाडाने ‘शशक’. शब्दसंख्येवर फार जीव लावू नका. शंभराची अट हात वळवायला चांगली असते, पण गोष्ट ८७ शब्दांत संपत असेल तर तिला उरलेले १३ खाऊ घालण्यात अर्थ नाही.

पायरी १: वाचताना स्वतःला पकडा

वहीच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे कागदावर काय आहे ते लिहा, उजवीकडे तुम्हाला काय कळलं ते. चौकटीच्या गोष्टीत डावा रकाना चार ओळींत आटपतो. उजवा संपतच नाही: इथे एक मूल होतं, त्याची उंची वेळोवेळी मोजत होते, मग मोजणं थांबलं, तिला या रेघा पुसायच्या नाहीत, मूल आता इथे नाही.

आता शेवटच्या दोन-तीन नोंदींकडे संशयाने बघा. ‘मूल आता इथे नाही’ हे तुम्हाला कुणी सांगितलं?

ही गोष्ट मी काही जणांना वाचायला दिली होती. बहुतेकांच्या मते मूल दगावलं होतं. एकीचं म्हणणं, नवरा-बायको वेगळे झाले आणि मूल वडिलांकडे गेलं. एक आजोबा म्हणाले, तसं काही नसतं हो, एका वयानंतर पोरं उभी राहायलाच तयार होत नाहीत. आणि एक जण म्हणाला, तो रंगारी हाच तो मुलगा. हे मला कधीच सुचलं नव्हतं. तेव्हा मी त्याला हसून म्हणालो, विरोधात एकही शब्द नाही, पण बाजूनेही नाही. माझं चुकलं होतं. विरोधात एक शब्द आहे. तो पुढे येईल.

एकाच वाक्यातून प्रत्येकाने आपापला अर्थ उचलावा, ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नाही. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या काव्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात एक उदाहरण दिलं आहे: ‘सूर्य मावळला’. बस, एवढंच वाक्य. सेनापतीला त्यात हल्ल्याची वेळ ऐकू येते, मजुराला काम थांबवायची, गुराख्याला गुरं परत आणायची, अभिसारिकेला भेटीला निघायची. वाक्य तेच, प्रत्येकाची उभं राहण्याची जागा वेगळी.

पण एक फरक लक्षात ठेवा, कारण नवखे इथेच फसतात. मम्मटाच्या उदाहरणातला प्रत्येक जण आपापल्या कामात आधीच बुडालेला आहे, त्याचा संदर्भ तो स्वतः घेऊन आलाय. तुमचा वाचक रिकाम्या हाताने येतो. त्याला उभं राहायला जागा तुम्हालाच द्यायची आहे. नुसतं ‘सूर्य मावळला’ लिहून कागद पुढे केलात तर ती गोष्ट होत नाही.

पायरी २: अख्खी गोष्ट एकदा लिहून काढा, स्वतःपुरती

हिमनगाची उपमा तुम्ही ऐकली असेल. अमेरिकी लेखक हेमिंग्वेने ती १९३२ साली मांडली: हिमनगाचा एक अष्टमांश भाग पाण्यावर असतो, बाकीचा खाली, आणि म्हणून त्याच्या हालचालीला भारदस्तपणा असतो. ही उपमा सगळे सांगतात. तिच्या लगेच पुढे त्याने जे म्हटलंय ते मात्र फारसं कुणी सांगत नाही: माहीत नाही म्हणून जो लेखक गोष्टी गाळतो, त्याच्या लेखनात नुसते पोकळ खड्डे पडतात.

तेव्हा आधी ३००-४०० शब्द लिहा. ती कोण, घर कुणाचं, रेघा कुणी काढल्या, शेवटची कधी काढली, त्या दिवशी काय झालं. सगळं. भाषा सजवू नका, ही पोलिसांच्या पंचनाम्यासारखी नोंद आहे. तुमच्यापाशी उत्तर असायलाच हवं. वाचकाचं उत्तर वेगळं निघालं तरी चालेल, पण तुमच्याकडे एकही नसेल तर वाचकाला ते दोन ओळींत जाणवतं. एकदा मी एक गोष्ट इतकी ‘सूचक’ लिहिली होती की सहा महिन्यांनी वाचली तेव्हा मलाच कळेना की दारामागे कोण होतं. संपादकांनी ती नाकारली, तेव्हा मला राग आला होता.

पायरी ३: कापायला घ्या, आणि भावनेपासून सुरुवात करा

माझ्या कच्च्या खर्ड्यात ही वाक्यं होती: ‘तिला त्या रेघा बघवत नव्हत्या आणि पुसवतही नव्हत्या. चार वर्षं झाली तरी जखम ओली होती. रंगारी तरुण होता, त्याला काय कळणार होतं?’

तिन्ही गेली. पहिलं वाक्य भावना सांगतं, जी ‘चौकट तेवढी सोडा’ यात आहेच. दुसरं कारण सांगतं आणि वर ‘जखम ओली’ असा वापरून गुळगुळीत झालेला शब्दप्रयोग करतं. तिसरं सगळ्यात वाईट, कारण ते वाचकाला कोपराने ढोसून म्हणतं, बघ हं, तुला तरी कळलं पाहिजे.

साधी कसोटी अशी: जे वाक्य काढल्यावर वाचकाला ते आपोआप सुचेल, ते काढा. जे काढल्यावर वाचक वाट चुकेल, ते ठेवा. उर्दू कथाकार मंटोने १९४८ साली फाळणीच्या हिंसेवर ‘स्याह हाशिये’ नावाने जे तुकडे लिहिले, त्यातले काही दोन-तीन ओळींचेच आहेत आणि लेखक एकदाही हळहळत नाही. हळहळण्याचं काम तो वाचकावर टाकतो, आणि वाचकाला ते टाळता येत नाही.

पायरी ४: पुरावा मात्र पक्का ठेवा

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते अतिलघुकथेचा खरा जीव इथे आहे. नवख्यांना वाटतं की अर्थ वाचकावर सोपवायचा म्हणजे धूसर लिहायचं. ‘काहीतरी हरवलं होतं’, ‘कुणीतरी हाक मारली’, ‘त्या दिवसापासून सगळं बदललं’. अशा वाक्यांतून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. काय गाळलंय ते धूसर राहू द्या. जे ठेवलंय ते टोकदार हवं.

‘सगळ्यात वरची रेघ बरीच खाली होती’ असं लिहिलं असतं तर? बरीच म्हणजे किती, कुणाच्या मानाने? ‘कमरेशी’ म्हटल्यावर वाचकाच्या मनात एक माप उभं राहतं, आणि मापातून वय. चार-पाच वर्षांचं मूल. हा हिशोब मी केला नाही, तुम्ही केलात, आणि म्हणूनच तो तुम्हाला खरा वाटला.

आणखी एक उदाहरण घेऊ.

‘मांजर हरवलं आहे. पांढरं, डावा कान फाटका, वय तीन. खांबावरचा हा कागद पावसाने दोनदा गेला. आत्ता लावलेल्या कागदावर वय पाच आहे.’

मांजर सापडलं का, मालक कोण, एकटा आहे का, वेडा आहे का, काहीच सांगितलेलं नाही. पण ‘तीन’ आणि ‘पाच’ हे दोन आकडे पक्के आहेत. त्या दोन आकड्यांमधली वजाबाकी वाचक करतो, आणि त्या वजाबाकीतच एक माणूस भेटतो. आकडे, मापं, वस्तू, आणि नेहमीपेक्षा वेगळी एखादी कृती यांच्यावर विसंबा. विशेषणांवर नको.

वाचनाचा अभ्यास करणारा जर्मन विद्वान वोल्फगांग इझर याने १९७०च्या दशकात या रिकाम्या जागांबद्दल पुष्कळ लिहिलं. त्याचा मुद्दा माझ्या शब्दांत असा: वाचक जागा भरतो खरा, पण हवं ते कोंबत नाही. जागेच्या दोन्ही बाजूंचा मजकूर त्याला धरून ठेवतो. तुमच्या गोष्टीत त्या दोन्ही बाजू भक्कम आहेत का, एवढं बघा.

पायरी ५: एक शब्द हलवा आणि काय पडतं ते ऐका

सरावासाठी यापेक्षा चांगला खेळ मला माहीत नाही.

शेवटी ‘वरच्या रेघेशेजारी कालची तारीख होती’ असं जोडा. मूल क्षणात परत आलं, शेजारच्या खोलीत खेळतंय, आणि गोष्ट सुखाची झाली. थोडी सपाटही झाली.

सुरुवात ‘घर ताब्यात मिळाल्यावर आधी रंग काढायचा होता’ अशी करा. आता रेघा परक्यांच्या झाल्या. अनोळखी मुलाची उंची तिने का जपावी? मला ही आवृत्ती मूळ गोष्टीपेक्षा जास्त आवडते, पण तिच्यासाठी आणखी एखादा पुरावा लागेल.

‘कमरेशी होती’ऐवजी ‘कमरेशी थांबली होती’ लिहा. हा बदल अगदी बारीक वाटतो आणि पहिल्या खर्ड्यात मी तेच लिहिलं होतं. पण रेघ थांबत नसते. ‘थांबली’ म्हणणारा मी आहे, पडद्याआडून बोट दाखवणारा. तो शब्द आला की मृत्यूचा अर्थ सोडून बाकी सगळे अर्थ दाराबाहेर गेले. आजोबांचं हट्टी पोरगंही गेलं.

पायरी ६: मराठी काय लपवू देते आणि काय चुगली करते

ग्वातेमालाचा लेखक आउगुस्तो मोन्तेर्रोसो याची १९५९ साली छापलेली एक कथा मूळ स्पॅनिशमध्ये अवघ्या सात शब्दांची आहे. कुणाला तरी जाग येते तेव्हा डायनोसॉर अजून तिथेच असतो. स्पॅनिश क्रियापदात जागं होणारा ‘तो’ की ‘ती’ हे कळत नाही, आणि कथेची निम्मी गंमत त्यातच आहे. मराठीत ‘तो जागा झाला’ लिहिलं की खेळ संपला. पण ‘जाग आली तेव्हा’ लिहा. कुणाला जाग आली? आपली भाषा तेही झाकून घेते. ‘बरं वाटलं’, ‘आठवलं’, ‘भीती वाटली’, ‘रडू आलं’: कर्त्याचं लिंग लपवणारी अशी कितीतरी रूपं आपल्याकडे आहेत, आणि नवखे सवयीने ‘तो घाबरला’ लिहून मोकळे होतात.

भाषा चुगली करते तिथे त्या चुगलीचा उपयोग करा. ही गोष्ट बघा:

‘“आम्ही उद्या निघतोय,” ती म्हणाली. कालपर्यंत ती “आपण” म्हणत होती.’

कितीतरी भाषांत या दोन्हींसाठी एकच शब्द असतो, तिथे ही गोष्ट लिहिताच येणार नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यामध्ये एक माणूस मागे राहतो. तू आणि तुम्ही यांचंही तसंच. बारा वर्षं ‘तू’ म्हणणारी व्यक्ती एका सकाळी ‘तुम्ही’ म्हणाली, तर त्यापुढे भांडणाचं वर्णन करण्याची गरज नाही.

एक सावधगिरीचा इशारा. ‘गेला’, ‘गेली’, ‘गेले’ यात प्रवास आणि मृत्यू दोन्ही असल्यामुळे ही क्रियापदं नवख्यांना फार मोहात पाडतात. ‘बाबा गेले’ ने सुरू होऊन ‘आणि संध्याकाळी परतले’ ने संपणाऱ्या गोष्टी मी इतक्या वाचल्या आहेत की आता ‘गेले’ दिसलं की मी आधी शेवटची ओळ बघतो.

पायरी ७: बोलू द्या, पण भलतंच

संवादात पात्राला जे म्हणायचंय ते म्हणू देऊ नका. याचं आपल्या घरचं जुनं उदाहरण हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त आहे. ती गाथा महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनी, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ, समजावताना तीच उचलली. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते: निर्धास्त फिरा, तो कुत्रा आज मारला गेला, गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारला.

कागदावर आहे ‘फिरा’. ऐकू येतं ‘इकडे पुन्हा फिरकू नका’. आणि तिला तो नको का, तर ती झाडी तिची प्रियकराला भेटण्याची जागा आहे. प्रियकर गाथेत कुठेच नाही. मघाच्या दोन रकान्यांत ही गाथा मांडून बघा. डावीकडे कुत्रा आणि सिंह, उजवीकडे अख्खं प्रेमप्रकरण. असा वाचक आनंदवर्धनाच्या परंपरेत ‘सहृदय’ ठरतो. तुमचा वाचक तसा आहे असं धरून चाला. तो तसा नसेल तरी तुमच्या विश्वासाने थोडा होतो.

शीर्षक आणि शेवट

शीर्षकाबद्दल थोडक्यात. फुकट मिळालेली ती एक ओळ आहे, तिथे गोष्टीचा सारांश लिहू नका. चौकटीच्या गोष्टीला ‘आठवण’ नाव दिलं की ती तिथेच मेली. ‘मोजमाप’ चालेल. ‘दुसरा हात’ दिलं तर रंगाचा दुसरा हात आणि आणखी कुणाचा तरी हात असे दोन्ही अर्थ डोकावतात, पण ते जरा जास्तच हुशार वाटतं.

शेवटाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. धक्कातंत्र, म्हणजे शेवटच्या ओळीत ‘ती तर दहा वर्षांपूर्वीच वारली होती’, हे वाचकाला अर्थ शोधायला लावत नाही. ते त्याला चकवतं आणि मग उत्तर हातात ठेवतं. एकदा वाचून झालं की परत उघडायचं कारण उरत नाही. बोधकथेत अर्थ आधीच ठरलेला असतो, रूपककथेतही बराचसा. तिथे ते शोभतं, कारण त्यांचं कामच वेगळं. इथे शेवटच्या वाक्याने वाचकाला मागे, पहिल्या वाक्याकडे पाठवलं पाहिजे. आणि शेवटी तीन टिंबं देऊ नका. टिंबं म्हणजे ‘इथे विचार करा’ अशी पाटी.

पायरी ८: तीन वाचक, एक प्रश्न

गोष्ट आठवडाभर बाजूला ठेवा. मग तीन जणांना द्या, शक्यतो लेखक नसलेल्या. ‘आवडली का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘काय झालं असेल?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे.

तिघांनी शब्दशः एकच उत्तर दिलं तर कुठेतरी तुमचं बोट दिसतंय. तिघांनी तीन उत्तरं दिली आणि कुणालाही ‘कशावरून?’ला उत्तर देता आलं नाही, तर पुरावा कमी पडलाय, पायरी चारकडे परत जा. तिघांची उत्तरं वेगळी पण तिघेही त्याच एका शब्दावर बोट ठेवतायत, तर गोष्ट झाली आहे.

माझ्या गोष्टीत ते बोट ‘कमरेशी’वर पडत होतं. फक्त ‘रंगारी हाच तो मुलगा’ म्हणणाऱ्याचं पडलं ‘त्याच्या’वर. मी म्हणालो होतो, विरोधात शब्द नाही. घरी येऊन पुन्हा वाचली तेव्हा दिसला: ‘सोडा’. मुलगा असता तर ती ‘सोड’ म्हणाली असती. म्हणजे एक तर आईने त्याला ओळखलं नाही, किंवा ती त्याची आई नाहीच. घर केव्हाच दुसऱ्याचं झालंय, आणि तो त्या घरी रंगकामाला आलाय. नव्या मालकिणीने त्या रेघा का राखल्यात ते त्याला माहीत नाही, रेघा कुणाच्या आहेत ते तिला माहीत नाही.

मी फक्त एक शब्द वाढवला. ‘सगळ्यात वरची रेघ आता त्याच्या कमरेशी होती.’

२५ शब्द झाले. दोन्ही गोष्टी वहीत समोरासमोरच्या पानांवर आहेत. पाठवायची कुठली ते अजून ठरलेलं नाही.